‘घेऊ की’ म्हणणारं गाव

प्रिय श्रिया,

पत्र बघून दचकली असशील. रोज फोनवर डोकं खाणारी बाई एकाएकी कागदावर कशी आली, म्हणून. काळजी करू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. शशिकांतकाका रविवारी तुझ्याकडे पुण्याला निघालेत हे प्रमोदिनीकाकूंकडून कळलं आणि ठरवलं, त्यांच्या पिशवीतूनच हे पाठवायचं. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली सापडेल. आईने केलेली जवळ्याची चटणी आहे. काकांना तिच्याबद्दल काही बोललेले नाही. तुमच्या घरात ती चालत नाही आणि तुझं तिच्यावाचून चालत नाही, म्हणून झाकण पुन्हा पुन्हा आवळलंय. तरीही गाडीत वास आलाच, तर काकांनी शेजारच्या प्रवाशावर संशय घ्यावा एवढीच इच्छा.

खोलीचा फोटो पोचला. दोन खाटा, मध्ये टेबल, खिडकीत तू आधीच आणून ठेवलेली तुळस. डावीकडची खाट माझ्यासाठी, असं तू खाली लिहिलं होतंस. मग फोनवर सगळं पुन्हा एकदा नीट सांगितलंस. नव्या धंद्यांना वर्षभर जागा, भांडवल आणि सल्ला देणारं तिथलं ते केंद्र, त्यांनी आपल्या ‘उकड’ला निवडलंय, पण दोघी मालकिणी तिथे येऊन राहिल्या तरच. भाकरी तिथे मशीनवर होईल, पाकिटात जाईल, पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचेल. केंद्राला दसऱ्याच्या आत कळवायचं आणि घरमालकाला त्याच्याही आधी. तू विचारलंस, येणार ना गं? मी म्हटलं, हो, येते की. तू इतक्या जोरात हसलीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग मी भाकऱ्यांचे डबे टेंपोत चढवले आणि शेलूला गेले.

शेलूचं आपलं टेबल आहे तिथेच आहे, स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या रांगेच्या अलीकडे. टेंपोवाल्या गजाने पावसाळ्यात वर निळं प्लास्टिक बांधलं होतं, ते अजून तसंच आहे, कारण तो रोज ‘काढतो, काढतो’ म्हणतो. कामावरून परतणाऱ्या बायका आधी आपल्याकडे येतात आणि मग रिक्षाकडे वळतात. त्यातली ती बँकेतली, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी, परवा विचारत होती की तुमची ती दुसरी मुलगी कुठे गेली. मी म्हटलं, पुण्याला, धंदा मोठा करायला. तर ती हिरमुसलीच. तिच्या सासूच्या तक्रारी आता कोण ऐकणार? मी ऐकेन म्हटलं, पण माझ्या चेहऱ्यावर तिचा विश्वास बसला नाही. माझं तोंड भाकरी विकायला बरं आहे, सासवा ऐकायला तुझंच हवं. तू नसलीस की ते टेबल लांबलचक वाटतं, हे तुला एकदा सांगायचं राहून गेलं होतं.

आपण त्या उद्योजकतेच्या वर्गात पहिल्यांदा शेजारी बसलो ते आठवतं का? तू कर्जतच्या दहिवलीतली, वडील शशिकांतकाका हायस्कुलात मास्तर, इंग्रजी फाडफाड. मी पळसदरीच्या पलीकडच्या गावातली. माझ्या घरात धंदा हा शब्द ‘काय धंदे चाललेत तुझे’ एवढ्यापुरताच वापरला जायचा. देवेश सर दर शनिवारी मुंबईहून यायचे आणि फळ्यावर एकच वाक्य लिहून सुरुवात करायचे, आधी गिऱ्हाईक, मग माल. लोकांना विचारल्याशिवाय पै गुंतवू नका म्हणायचे. आपल्याला वाटलं, यात काय अवघड आहे? तांदूळ धुवा, सावलीत वाळवा, गिरणीत न्या, तिथे ताटकळत उभ्या राहा, ही घरोघरची कटकट मला पाठ होती. ती सगळी आपण करायची आणि तयार पीठ घरपोच द्यायचं. विचारायला लांब जायचीही गरज नव्हती. माझं अख्खं गाव होतं की.

ती फेरी आठवली की मला अजून हसू येतं. असं पीठ मिळालं तर घ्याल का, असं आपण दारोदार विचारत गेलो आणि दारोदार एकच उत्तर आलं, घेऊ की. शेजारच्या सोनुबाईमावशीने तर तुझा हात हातात घेतला होता. “घेऊ की गं. तुमच्याकडनं नाय घेनार तं कुनाकडनं घेनार?” तिच्या सुनेने चहा टाकला. पोपटकाकांनी झाडावरचे पेरू काढून तुझ्या ओढणीत घातले. एकाही घरातून नकार आला नाही. वर्गात आपण हे मांडलं तेव्हा सरांनी आपली वही पुन्हा चाळली. इतका भरघोस होकार त्यांनी मुंबईत कधी पाहिला नसावा. त्यांना संशय यायला हवा होता, पण तेही माणूसच, त्यांनी आपली पाठ थोपटली.

मग आपण पीठ केलं. आमच्या पडवीत चालायला वाट उरली नाही एवढं केलं. तू पिशव्यांवर भाताची लोंबी काढलीस, ती हर्षदला झाडू वाटली आणि तू माझ्या भावाशी आठवडाभर बोलली नाहीस. पिशव्या घेऊन आपण पुन्हा त्याच दारांत गेलो. सोनुबाई म्हणाली, आता कालच दळून आनलं, पुढल्या खेपेला. कोणी म्हणाली, यांना विचारते. कोणी म्हणाली, गणपती होऊ देत. पुन्हा चहा, पुन्हा पेरू. परतताना बांधावर थांबून तू मला विचारलंस, ही माणसं खोटं का बोलली? तेव्हा मला तुझा राग आला होता. कोणी खोटं बोललं नव्हतं गं. ज्याच्या घरात स्वतःच्या शेतातला तांदूळ भरून ठेवलेला आहे, तो विकतचं पीठ कशाला घेईल? पण दारात आलेल्या पोरीला, त्यातून गावच्याच, आणि तिच्याबरोबर कर्जतची पाहुणी, नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. म्हणून माणूस हो म्हणतो, आणि त्यातला नकार ओळखायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतो. गावातल्या गावात तो सगळ्यांना ओळखता येतो. मलाही यायचा. पण त्या दिवशी विचारणारी मी होते, आणि स्वतःला मिळालेला होकार फार गोड लागतो.

तेवढ्या तुझ्या आई, प्रमोदिनीकाकू, स्पष्ट बोलल्या. “भीड भिकेची बहीण. त्यांचीही, आणि तुम्हां पोरींचीही.” एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि पिठाचं काय करता येईल ते बघायला आमच्या पडवीत येऊन बसल्या. खराब व्हायच्या आत ते संपवायचं होतं. माझी मामेबहीण ऋतिका शेलूच्या नव्या सोसायटीत राहते, तिथल्या गणपतीच्या जेवणाला भाकऱ्या करून न्यायच्या ठरल्या. आईने आणि सोनुबाईने उकड काढली, पाण्याच्या हाताने थापल्या, आणि टोपल्या भरून आपण निघालो. विकायचं मनातही नव्हतं. काकू त्या वाफाळत्या परातीकडे बघून म्हणाल्या होत्या, पुढे कधी दुकान काढलंत तर नाव ‘उकड’ ठेवा. आपण हसलो होतो.

आणि मग तिथे, त्या मांडवात, तू जे केलंस ते मी कधीच विसरणार नाही. बायका भाकऱ्यांवर तुटून पडल्या होत्या. मी सवयीने विचारायला निघाले, की अशा भाकऱ्या रोज मिळाल्या तर घ्याल का. तू माझा दंड धरून मला मागे ओढलंस, आणि स्वतः जाऊन एकीच्या शेजारी बसलीस. विचारलंस काय, तर काल रात्री घरी काय जेवलात? एवढंच. ती बाई सुरूच झाली. घरी पोचायला उशीर, पीठ मळायचं त्राण नाही, मग पाव, मग नवऱ्याचं वाकडं तोंड, मग मुलांच्या नूडल्स. तिचं ऐकून दुसरी सरकली, तिसरी आली. कोणी आपल्याला खूश करायला बोलत नव्हतं, जी ती आपलं रडगाणं गात होती. शेवटी एकीने आपणहून विचारलं, ह्या भाकऱ्या स्टेशनवर आणाल का? किती वाजता? गरम असतील का? पिशवी मी आणायची की तुम्ही द्याल?

टेंपोतून परतताना तू तो शोध लावलास. खरा होकार प्रश्न विचारतो, असं म्हणालीस. ज्याला घ्यायचं असतं तो कधी, कुठे, कितीला विचारतो. ज्याला घ्यायचं नसतं तो छान आहे म्हणतो आणि चहा टाकतो. मी ह्या गावात जन्मले, इथलं प्रत्येक ‘बघू’ ऐकत वाढले, पण ते असं एका वाक्यात कर्जतच्या पोरीने पकडलं. देवेश सर आता ते नव्या मुलांना शिकवतात आणि तुझं नाव घेऊन शिकवतात. मी मागच्या शनिवारी डबा द्यायला गेले होते, तेव्हा दाराबाहेरून ऐकलं. अभिमानाने ऊर भरून आला, खरंच.

आता ताजी बातमी. खालापूरच्या बाजूला एका कारखान्याचं कँटीन चालवणारा किशोर म्हणून एक गृहस्थ आहे. ओळख गजाने काढली. पहिल्या भेटीत त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, वर बिस्किटं, आणि म्हणाला, ताई, तुमच्यासारख्या मुली पुढे आल्या पाहिजेत. बाहेर आल्याबरोबर मी गजाला सांगितलं, हे गेलं रे, सोड. चहावर बिस्किटं म्हणजे ठाम नकार. पण मंगळवारी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. भाकरी दुपारच्या पाळीपर्यंत मऊ राहते का? टेंपो मागच्या गेटने येईल ना? बाई आजारी पडली तर त्या दिवशी काय करता? मी उत्तरं देत होते आणि माझे पाय आपोआप नाचत होते. आईने आतून विचारलं, “कुनाचं लगीन ठरलं गं?”

नवरात्रात सुरू करायचं म्हणतोय तो. इथून तिकडे नेईपर्यंत भाकरी निवते, म्हणून चूल त्याच बाजूला मांडावी लागेल आणि बायकाही तिथल्याच घ्याव्या लागतील. एक जागा बघून आले. छप्पर गळतं, पण विहीर दारात आहे. धूर कुठून जाईल, उन्हाळ्यात विहीर आटते का, शेजारच्या घराला पहाटेच्या थापण्याचा त्रास होईल का, मालकाला मी इतकं छळलं की तो म्हणाला, “पोरी, तू जागा घ्यायला आलीस का माजी जबानी घ्यायला?” परतताना खोपोलीच्या घाटमाथ्यावर ढग उतरले होते आणि दोन्ही बाजूंना भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या. गजा काहीतरी बोलत होता, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात त्या गळक्या छपराखाली परात कुठे ठेवायची ते ठरवत होते.

तुझ्या मशीनबद्दल मी आपल्या बायकांना सांगितलं. लपवून काय ठेवायचं? त्यांनी थापता थापताच ऐकलं. सोनुबाई म्हणाली, “चांगलं हाय की. जा गं बायो, मोटी हो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मशीन कसं असतं, इथली चूल पेटती राहील का, मी परत कधी येणार, कोणीच काही विचारलं नाही. सोनुबाई हात धुऊन उठली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली. तो चहा मला गिळवेना.

पण हे वाचून तू लगेच म्हणशील की हर्षलाला बायकांची दया आली. म्हणून पुढचं नीट वाच. ह्या पत्राआधी दोन कागद फाडले. एकात लिहिलं होतं, आईचे गुडघे दुखतात. दुखतात, पण ती अजून माझ्या पुढे चालते. दुसऱ्यात लिहिलं होतं, कापणी आली, घरात माणूस नाही. माणसांना काय तोटा, हर्षद आहे, दोघे काका आहेत. आमच्याकडच्या नकाराला नेहमी खाली एक कारण पसरावं लागतं, भाकरी चिकटू नये म्हणून पिठी भुरभुरतात तसं. बायकांसाठी थांबते असं लिहिलं असतं तर तीही पिठीच झाली असती, जरा उंची. मशीनची भाकरी वाईट असते असंही म्हणवत नाही. तू पाठवलेल्या पाकिटातली आम्ही खाल्ली. चांगली होती. आईने दुसरी मागितली.

फोन न करता लिहायला बसले ती एवढ्याचसाठी. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंड आपोआप हो म्हणतं, ते तोंड माझ्या गावाचं आहे. हातावर अजून गावाचा तेवढा ताबा नाही. श्रिया, नाही. मी पुण्याला येणार नाही. तू घरमालकाला दोघींचं कबूल करायच्या आत, केंद्राला सही करून द्यायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. मला हे काम इथेच करायचंय, ह्या चुलींपाशी, गजाच्या टेंपोत, त्या किशोरशी हुज्जत घालत. मला ते आवडतं, दुसरं कारण नाही. कदाचित केंद्रवाले तुला एकटीला घेणार नाहीत आणि ते माझ्यामुळे होईल. हे मला कळतंय, आणि लिहिताना रडू येतंय. चिडलीस तर चीड, तुझा हक्क आहे. पण गं, तू लावलेला शोध तूच कशी विसरलीस? खोलीचा फोटो पाठवलास तेव्हा मी मस्त आहे म्हटलं. पाणी कधी येतं, केंद्र किती लांब, सामान काय आणू, एक तरी प्रश्न विचारला का मी? मी तुला चहा दिला, श्रिया, वर पेरू दिले, आणि तू ते गोड मानून घेतलेस, कारण ह्या वेळी विचारणारी तू होतीस. आता मात्र खरंच विचारते. केंद्रवाल्यांशी बोलायला मी एक दिवस तिकडे आले तर उपयोग होईल का? नाव तू घेऊन जाशील ना, काकूंनी दिलेलं? मशीनसाठी उकड कोण काढणार? पीठ कुठून घेणार आहेस, आणि ते आमच्या पडवीतून पाठवलं तर चालेल का, ह्या वेळी कोणी खरोखर घेणार असेल तर? जेवतेस का वेळेवर? दिवाळीला घरी येशील? माझ्याशी बोलशील? आणि डावीकडची ती खाट, लगेच कोणाला देऊन टाकू नकोस, मी अधूनमधून येऊन राहिले तर चालेल का? तिथे पडल्यावर खिडकीतून काय दिसतं गं?

नाही म्हणूनही तुझीच,
हर्षला